गार वाऱ्याची चौकशी समिती

१

मे महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, जामुलच्या रस्त्यावर एका जुन्या पांढऱ्या गाडीतला गार वारा मृत असल्याचे उघडकीस आले. त्या वेळी गाडीत पाच माणसे होती. चौघे एकमेकांचे व्याही आणि विहिणी होण्याच्या बेतात होते. पाचवा मी. मागच्या सीटवर दोन्ही पक्षांच्या मधोमध, मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन बसलो होतो.

गाडी माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची. आमच्या कारखाना-वसाहतीतले सारे सेक्टर दहा त्यांना भय्याजी म्हणते. चौकशीच्या कागदात फिर्यादीचे नाते चालत नाही, म्हणून येथे मीही तेच नाव वापरतो. भय्याजी पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधून इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांची एकुलती मुलगी पायल आणि खुर्सीपारला गाड्यांच्या ए.सी.ची दुरुस्ती करणारा विक्की, या दोघांचे साक्षगंध, म्हणजेच साखरपुडा, रविवारी व्हायचे होते. त्यासाठी जामुलचे सभागृह दाखवायला भय्याजी आणि त्यांच्या पत्नी कमला हे विक्कीच्या आईवडिलांना, अन्नपूर्णाबाई आणि गुलाबराव यांना, घेऊन निघाले होते.

पाहुणे बसेपर्यंत ए.सी. लावायचा नाही, असा भय्याजींचा निग्रह होता. पहिली झुळूक पाहुण्यांच्याच वाट्याला यावी, ही त्यांची इच्छा. सिमेंटच्या ट्रकांमागे गाडी अडकली, तेव्हा त्यांनी चारही काचा वर घेतल्या आणि एखाद्या उद्घाटनाची फीत कापावी तशा गांभीर्याने बटण फिरवले.

“आता पाहा गुलाबराव! मंगळवारी आपल्या विक्कीनंच सर्व्हिसिंग केली. पाच मिनिटांत शिमला!”

पाच मिनिटे गेली. शिमला आले नाही.

“थोडा टाइम घेते,” भय्याजी म्हणाले.

“मी तीस वर्सं कोक ओव्हनवर काढले जी,” गुलाबराव मान पुसत शांतपणे म्हणाले, “पन तिथून बाहेर निघायले येत होतं.”

“मले गरगरून राहिलं,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांची नवी जांभळी साडी पाठीला चिकटली होती. घाईघाईने काचा उघडल्या, तर सिमेंटची धूळ आत आली आणि ओल्या चेहऱ्यांवर बसली. क्षणभर आम्ही पाचही जण आपापल्या पुतळ्यांसारखे दिसलो.

पुतळे मग बोलू लागले.

“तुमच्या पोट्ट्यानं गाडी बिघडवली!” भय्याजी म्हणाले.

“माझ्या पोट्ट्याचा हात लागला तं मेलेलं मशीन उठते! तुमची गाडीच भंगाराची!” अन्नपूर्णाबाई कडाडल्या.

त्या खाली उतरल्या, गुलाबरावांना उतरवले आणि मागून येणाऱ्या लोकल बसला हात केला. बसच्या खिडकीतून त्या म्हणाल्या, “रविवारचं उद्या संध्याकाळी सांगू. तुम्ही काय सांगता ते पाहून.”

घरी परतल्यावर भय्याजींनी गाडीत डोके घातले आणि स्टिअरिंगखाली टॉर्च मारून पाहिले. बॉनेट उघडण्याच्या खटक्याला एक लाल चिंधी बांधलेली होती. तिची गाठ नवी होती.

भय्याजी सावकाश बाहेर आले.

“बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात टोटका! माझ्या गाडीवर कोनीतरी करणी केली!”

२

कारखान्यात अपघात झाला की चौकशी समिती बसते आणि समिती बसेपर्यंत जागेला कोणी हात लावायचा नाही. भय्याजींनी निवृत्तीनंतरही हा नियम सोडला नव्हता. कणकेची खळ करून त्यांनी गाडीच्या दारांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. शनिवारी सकाळी नऊ वाजता अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या.

“अध्यक्ष मी,” भय्याजी म्हणाले.

“तुम्ही कसे? तुम्हीच फिर्यादी,” पायल म्हणाली. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि नमुन्याखेरीज कशावर विश्वास ठेवत नाही. सकाळपासून ती रविवारची साडी इस्त्री करत होती. इस्त्री केव्हाच झाली होती, पण तिचा हात थांबत नव्हता. “बाबा, संध्याकाळपर्यंत खुर्सीपारले काही सांगितलं नाही, तं मले उद्या कोनाच्या समोर नेऊन बसवणार तुम्ही? अध्यक्ष आत्या होईल.”

संघमित्रा आत्या भय्याजींची धाकटी बहीण. तिने तीस वर्षे कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन लावून अख्ख्या कारखान्याचे बोलणे तिने इकडचे तिकडे जोडून दिले, आणि त्यात तिचे स्वतःचे बोलणे फार थोडे उरले. ती डोळे मिटून ऐकते. खोटे बोलणारा माणूस वाक्याच्या आधी श्वास घेतो आणि खरे बोलणाऱ्याचा श्वास वाक्याच्या मध्येच संपतो, असे तिचे मत आहे. अक्षर बरे म्हणून मला समितीचा लेखनिक केले गेले. बोलावे लागणार नाही, एवढ्यानेच मी कृतज्ञ होतो.

पहिला आरोपी विक्की. खुर्सीपारहून तो आपणहून आला. त्याच्या बाहीला ग्रीस होते आणि डोळ्यांत झोप नव्हती.

“जय भीम काकाजी. गाडी एकदा पाहू द्या ना. दोन मिनिट का काम है.”

“हात लावायचा नाही! पुरावा हाय तो.”

“विक्की,” आत्या डोळे मिटून म्हणाली, “गाडीचा ए.सी. कसा कसा मरते, ते सांग मले. फक्त आवाज सांग.”

विक्कीने क्षणभर विचार केला. मग त्याच्या चेहऱ्यावर, ज्याला आपल्या कामाबद्दल क्वचितच कोणी काही विचारते अशा माणसाचा लाजरा आनंद आला.

“आत्याजी, गॅस लीक झाला तं आवाज नाही. हवा येते, पन गरम. सगळ्यात जास्त केस हेच. कंप्रेसरचा क्लच पकडताना टक् करते. ते टक् बंद झालं तं समजून जायचं. पट्टा ढिला असला तं गाडी सुरू करताना किंचाळते. समोरची जाळी असते ना, कंडेन्सर, तिच्यात आपल्या इकडची लाल धूळ भरली, तं चालत्या गाडीत गार अन् फाटकावर थांबली की गरम. अन् फिल्टर चोक झाला तं हवा बारीक येते, दम्याच्या पेशंटसारखी.”

“म्हंजे ह्यातलं काही बी बिघडलं, तरी हवा येतेच?”

“येते ना. गार नाही येत. पन येते.”

“पीयूष, ह्याच्याखाली रेघ मार,” आत्या मला म्हणाली.

“अन् ही चिंधी?” भय्याजींनी चिमटीत धरावी तशी बोटे केली. “हे कोणत्या कंप्रेसरचा पार्ट हाय?”

“काकाजी, मी चिंधी बांधली असती, तं माझ्या आजीनं मलेच बांधून ठेवलं असतं. आमच्या घरी लिंबू बी फक्त सरबतात जाते.”

आत्या हसली. भय्याजी हसले नाहीत. विक्की तसाच उभा राहिला, आणि पायलने दारातून त्याच्याकडे पाहिले, तेव्हा त्याने ग्रीसची बाही हळूच पाठीमागे लपवली. हे मी टिपणात लिहिले नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांडे पडल्याचा आवाज झाला आणि कमला मोठी आई पदराला हात पुसत बाहेर आली.

“त्याले सोडा,” ती म्हणाली. “गाडीत मी टाकलं.”

३

“काय टाकलं?” भय्याजी खुर्चीतून उठले.

“वाळा.”

विदर्भातून येथे आलेल्या आमच्या घरांत उन्हाळा म्हणजे कूलर, आणि कूलर म्हणजे वाळा. त्याच्या ताट्या ओल्या झाल्या की खोलीभर जो गारवा येतो, त्यात आमच्या कित्येक पूर्वजांच्या दुपारच्या झोपा पुरल्या आहेत.

“बुधवारी टाकला,” मोठी आई पुढे म्हणाली. “काचेच्या खाली ती काळी जाळी असते ना, जिथून गाडी वारा घेते, तिथं कोंबला. पाणी बी मारलं. म्हटलं, पाहुन्याईले वास येईल. अन् तुमी म्हणत होते, ए.सी.चा वारा कोरडा असते म्हणून.”

“अवं, ते कूलर नोहय!”

“मले काय मालूम? दोघाईतून बी वाराच येते.”

भय्याजींनी कपाळावर हात मारला. विक्कीने मात्र नकारार्थी मान हलवली. “काकूजी, वाळ्यानं हवा कमी होते, बंद नाही होत. अन् वाळ्याच्या काड्या पंख्यात गेल्या तं आवाज करतात. कुर्र, कुर्र.”

“कुर्र तं करत होती!” भय्याजी एकदम म्हणाले. “गुरुवारी सकाळी लावून पाहिली, तवा केली. साफ करनार होतो मी.”

“मंग केली साफ?” आत्याने विचारले.

“करनार होतो. तेवढ्यात अन्नपूर्णाबाईचा फोन आला. साक्षगंध पक्कं म्हणून! त्याच्यानंतर कोनाले कुर्र आठवते? मी स्कूटर काढली अन् पेढे आनायले गेलो.”

“तवा तुह्याजवळ कोन होतं?”

“कोनी नाही. सुखराम होता.”

भय्याजींनी ‘कोणी नाही’ आणि ‘सुखराम’ हे दोन शब्द इतक्या सहज शेजारी ठेवले, की मला लिहिताना त्यांच्यामध्ये थोडी जागा सोडावीशी वाटली.

सुखराम मागच्या क्वार्टरमध्ये राहतात. गोंदियाकडचे शेतकरी घर सोडून ते कारखान्यात खलाशी, म्हणजे फोरमनच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून लागले आणि एकतीस वर्षे भय्याजींच्या हाताखाली राहिले. दोघेही निवृत्त झाले, पण सुखरामांच्या सवयी अजून ड्यूटीवर होत्या. बोलावताच ते येऊन बसले. शर्टाच्या वरच्या खिशाला त्यांनी सेफ्टी पिन लावलेली होती.

“सुखराम, तू विक्कीले गाडीत काही करताना पाहिलं?” भय्याजींनी विचारले.

“नाही साहेब.”

“ए.सी. तू बिघडवला?”

“नाही साहेब. मी कावून बिघडवू? मी तं तुमची वाट...”

“विचारलं तेवढंच सांग! समिती हाय ही.”

“हो साहेब.”

सुखराम उठले. उठताना त्यांच्या खिशात काहीतरी अगदी हलके वाजले, रिकाम्या डबीत एखादा दाणा हलावा तसे. आत्याने डोळे उघडले. त्या दिवशी ते तिने पहिल्यांदाच उघडले होते.

“सुखरामभाऊ, तंबाखू खाता काय?”

“सोडली जी बाई. चार वर्सं झाले. डबी तेवढी राहिली.”

“बरं. आता ते अंगणातच बसतील, दादा. कोनी त्यायले काही विचारू नका.” आणि मग ती मोठ्या आईकडे वळली. “वहिनी, काल जामुलच्या रस्त्यावर दादानं बटन फिरवलं, तवा तुले काय ऐकू आलं?”

मोठ्या आईने आठवून पाहिले.

“काहीच नाही.”

“गरम हवा आली?”

“गरमी तं होतीच. पन हवा...” ती अडखळली. “नाही गं. हवा बी नाही. गाडी बोललीच नाही.”

आत्या माझ्याकडे वळली. “तू बी होता ना मधात? तू काय ऐकलं?”

मी मान खाली घातली. पेढ्यांचा डबा, चार माणसांचे श्वास, ट्रकचे हॉर्न, हे सगळे मला आठवत होते. पंख्याचा आवाज आठवत नव्हता. जी गोष्ट नव्हती, ती मी ऐकलीच नव्हती.

“दादा, तुह्या तक्रारीतच चूक हाय,” आत्या म्हणाली. “तू लिहिलं, थंड हवा येत नाही. हवाच येत नोहती. सील तोड.”

४

अध्यक्षांच्या हुकमापुढे भय्याजींचा इलाज नव्हता. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाटल्या. किल्ली फिरली आणि इंजिन सुरू झाले. हॉर्न वाजला, दिवे लागले, वायपरनेही कोरड्या काचेवर दोन करुण फेऱ्या मारल्या. ए.सी.चे बटण फिरवले, तेव्हा मात्र गाडी खरोखरच काही बोलली नाही.

“बॅटरी चांगली हाय,” विक्की अधीरपणे म्हणाला. “आत्याजी, फ्यूज! डॅशबोर्डच्या खाली डब्बा...”

“तू नाही. पीयूष पाहील. त्याच्या हातून काही बिघडत नाही, कारण तो काही करतच नाही.”

तो टोमणा होता की विश्वास, ते मला अजून उमगलेले नाही. मी गाडीत आडवा झालो. खटक्याला लाल चिंधी लोंबत होती आणि तिच्या शेजारीच फ्यूजच्या डबीचे झाकण होते. ते उघडले. आत रंगीत फ्यूज एखाद्या शाळेच्या वर्गासारखे ओळीत बसले होते. एक जागा रिकामी होती. झाकणावर छापलेल्या चित्रात त्या जागेवर पंखा काढला होता.

“जळला काय?” भय्याजींनी विचारले.

“नाही,” मी म्हणालो. “फ्यूज नाहीच.”

“चोरी!” भय्याजी गरजले. “मंगळवारी गाडी ह्याच्या दुकानात होती! पीयूष, लिही. आरोपीने फ्यूज पळवला. पायल, साडी कपाटात ठेव. हे लग्न होत नाही.”

घरातून इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

५

“दादा, बस,” आत्या म्हणाली. एक्स्चेंजमध्ये दोन साहेबांचे भांडण मध्येच तोडताना ती याच आवाजात बोलत असावी, कारण भय्याजी खरोखरच बसले.

“मंगळवारी गाडी दुकानातून आली, तवा वहिनीनं थंडीनं शाल घेतली होती. गुरुवारी सकाळी पंखा कुर्र करत होता. म्हंजे गुरुवार सकाळपर्यंत फ्यूज जागेवर होता. विक्की सुटला.”

विक्कीने सोडलेला श्वास सगळ्या अंगणाने ऐकला.

“आता पाहा. चोर एवढ्या गाडीतून एक फ्यूज नेत नाही. वैरी असता तं वायर तोडून गेला असता. हे ज्यानं काढलं त्यानं नीट काढलं, झाकन लावलं, अन् निशानी ठेवून गेला. बिघडवनारा निशानी ठेवते काय?” ती थांबली. “दादा, मिलमध्ये मोटरवर मानूस चढवायच्या आधी तू काय करत होता?”

भय्याजींची पाठ ताठ झाली. आवाज वीस वर्षांनी तरुण झाला.

“नियम हाय! पहिले शटडाउन. हुकूम फोरमनचा, मोठ्या आवाजात. ‘लाइन काढ!’ खलाशी फ्यूज काढते. काढलेला फ्यूज टेबलावर ठेवायचा नाही, खिडकीत ठेवायचा नाही. सोताच्या खिशात ठेवायचा, म्हंजे दुसरा कोनी चुकून लाइन देनार नाही. नाहीतर आतल्या मानसाची बोटं जातात. मंग जागेवर लाल पाटी लावायची.”

“अन् पाटी सापडली नाही तं?”

“तं लाल चिंधी बां...”

भय्याजींचे तोंड उघडेच राहिले.

“तीस वर्सं माझ्या कानात हेच होतं,” आत्या हळूच म्हणाली. “‘लाइन काढली काय? फ्यूज खिशात हाय काय?’ रोज. गुरुवारी सकाळी कुर्र ऐकून तू काय म्हणाला, दादा?”

भय्याजींनी सुखरामांकडे पाहिले. सुखराम उभे राहिले, खिशाची सेफ्टी पिन सोडली, चुन्याची जुनी डबी काढली आणि उघडली. तिच्यात बोटाच्या पेराएवढा हिरवा फ्यूज होता.

“तुमी म्हणाले, ‘सुखराम, लाइन काढ बे,’” ते म्हणाले. “मी काढली. पंख्यात हात घालनार होते तुमी. मंग फोन आला, तुमी गेले. मी उभाच होतो.”

“अबे, मंग काल तुह्या डोळ्यासमोर मी गाडी नेली ना! सांगितलं कावून नाही?”

“गाडी नेली साहेब, पंखा कुठं नेला? गाडीले ती लाइन लागत नाही. मले वाटलं, साहेबाच्या ध्यानात असंल.”

“अन् सकाळी समितीसमोर?”

“सांगत होतो. तुमी म्हणाले, विचारलं तेवढंच सांग.”

विक्कीने तोंडावर हात धरला. पायल दारात येऊन उभी होती. ती बापाकडे पाहत नव्हती, सुखरामांकडे पाहत होती.

“आन तो फ्यूज,” भय्याजी हात पुढे करून पुटपुटले.

सुखरामांनी डबी मिटली.

“काम झालं नाही साहेब.”

“काय?”

“पंखा साफ झाला नाही. ज्याच्या हुकमानं लाइन काढली, त्यानं काम झालं म्हणून सांगितल्याशिवाय लाइन देता येत नाही. तुमीच शिकवलं. जनरल मॅनेजर आला तरी द्यायची नाही म्हणून.”

मग धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यातले माजी फोरमन गाडीच्या डॅशबोर्डखाली पालथे झाले. विक्की बाहेरून सांगत होता, काकाजी, डावीकडचा स्क्रू, नाही, तुमच्या डावीकडचा. पंख्याच्या पिंजऱ्यातून वाळ्याच्या काड्या मुठीमुठीने बाहेर येऊ लागल्या. तिसऱ्या मुठीला कमला मोठी आई दूध उतू गेल्याचे सांगून आत गेली. त्या वेळी घरात दूध नव्हते.

शेवटी भय्याजी उभे राहिले. त्यांच्या केसांत वाळा होता. त्यांनी साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असा आवाज लावला.

“काम पूर्ण! मानसं बाजूला! लाइन दे!”

आम्ही सगळे खरोखरच बाजूला झालो. सुखरामांनी फ्यूज बसवला, चिंधी सोडली, घडी करून खिशात ठेवली. भय्याजींनी बटण फिरवले.

आधी एक लांब श्वास आल्यासारखे झाले. मग गार वारा आला, आणि त्याला वाळ्याचा वास होता.

सारे हसत होते, तेव्हा मोठी आई दारातून म्हणाली, “आता खुर्सीपारले जाऊन काय सांगाल?”

भय्याजींचे हसू मावळले. त्यांनी केसांतली एक काडी काढली आणि ती बराच वेळ बोटांत फिरवली.

“सांगू... खलाशाकडून चूक झाली. रिपोर्टमध्ये तसंच लिहितात.”

“चालते साहेब,” सुखराम म्हणाले.

ते इतक्या सहज म्हणाले, की हा शब्द त्यांनी याआधी किती अहवालांवर ठेवला असेल, याचा मी हिशेब करू लागलो आणि थांबलो. आत्याने पुन्हा डोळे मिटले. मी अहवाल लिहिला. ‘जबाबदार’ या शब्दापुढची जागा मात्र कोरी ठेवली. तेवढेच मला करता येण्यासारखे होते.

६

चार वाजता भय्याजी, मोठी आई, पायल, सुखराम आणि मी असे पाच जण खुर्सीपारला पोहोचलो. विक्कीचे घर दुकानाच्या मागे आहे. अन्नपूर्णाबाई ओला पंचा डोक्यावर घेऊन दारात बसल्या होत्या आणि गुलाबराव त्यांच्यामागे, दोन्ही पक्षांपासून सारख्याच अंतरावर, उभे होते. कोणी ‘या’ म्हणाले नाही. पायलने विक्कीकडे पाहिले नाही, आणि विक्कीने जमिनीखेरीज कशाकडेच पाहिले नाही. पुढच्या चार वाक्यांवर त्या दोघांचा संसार टांगलेला होता आणि ती चारही वाक्ये भय्याजींच्या घशात होती.

भय्याजींनी माझ्या हातून कागद घेतला आणि ताठ उभे राहून वाचू लागले. घटना. स्थळ. वेळ. साक्षीदार. कारण, पंख्याचा फ्यूज काढलेला असणे. सर्व्हिसिंग निर्दोष. हे ऐकताच गुलाबरावांची छाती थोडी फुगली.

“जबाबदार...”

कोऱ्या जागेशी भय्याजी थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पायाखालची माती पाहत होतो.

“बाई, ते माझ्यानंच,” मागून सुखराम म्हणाले, “मी खलाशी हाय, मीच...”

“थांब, सुखराम.”

भय्याजींनी माझ्या खिशातले पेन काढून घेतले. गुडघ्यावर कागद ठेवला आणि कोऱ्या जागेत आपले पूर्ण नाव लिहिले, नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जसे पगाराच्या कागदावर लिहीत असत. मग कागद अन्नपूर्णाबाईंना दिला.

“ह्यानं बरोबर केलं,” ते म्हणाले. “हुकूम माझा होता. मी विसरलो, अन् तुमच्या पोराले बोललो. तुमाले उन्हात बसवलं. चूक माझी हाय.”

अन्नपूर्णाबाईंनी कागद गुलाबरावांकडे दिला. “नाव कोनाचं हाय?”

“त्यायचंच.”

“खोडून लिहिलं काय?”

“नाही. पहिल्यांदाच लिहिलं.”

त्यांनी डोक्यावरचा पंचा काढला, पिळला, आणि विक्कीला खुर्च्या आणायला सांगितले. विक्कीने चार आणल्या. “एक कमी हाय,” त्या सुखरामांकडे पाहून म्हणाल्या, आणि पाचवी येईपर्यंत कोणालाच बसू दिले नाही. पायल त्यांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा तिचा खांदा धरून त्यांनी तिला आपल्या शेजारी बसवले आणि मग तो हात तेथेच राहू दिला.

“उद्या किती मानसं येनार तुमच्याकडून?” त्यांनी विचारले.

“तीस,” भय्याजी म्हणाले. मग त्यांनी पाचव्या खुर्चीकडे पाहिले. “एकतीस. सुखराम बी.”

“तं सकाळी आठाच्या आत जामुलले या. अन् एक सांगून ठेवते व्याहीबुवा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पाहुन्याले कोनी गाडीत बसवत नसते. ए.सी. चालू असो का बंद.”

भय्याजींनी मान डोलावली. ती सूचना मी अहवालाच्या शेवटी, समितीची शिफारस म्हणून, लिहून घेतली.